विश्लेषण : दुकान जवळ, तरी चालणे अवघड का?

पुण्याच्या पेठांत खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि जवळच शाळा, दवाखाना, मंडई ही रचना जुनीच. नगरनियोजनात तिला ‘मिश्र जमीनवापर’ म्हणतात.

वापर वेगळे का झाले?

कारखान्यांचा धूर, गोंगाट घरांपासून दूर राहावा म्हणून विभागवार नियोजन आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात ते वैध ठरवले. पुढे तेथील उपनगरांत किराणा दुकानही लांब गेले आणि साध्या खरेदीलाही मोटार लागू लागली. जेन जेकब्स यांनी १९६१ मधील पुस्तकात त्यावर टीका केली. दिवसभर निरनिराळ्या कामांसाठी वर्दळ असलेला रस्ता अधिक सुरक्षित असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे अडचण कोणती?

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याच्या रुंदीनुसार निवासी भागात दुकानांना मुभा आहे. अडते ते पदपथापाशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. पुणे महापालिकेचे पादचारी धोरणही २०१६ पासून आहे. मात्र अनेक ठिकाणी ही जागा दुचाकी, विद्युत पेट्या आणि फलक अडवतात. मग हाकेच्या अंतरावरील दवाखान्यासाठीही ज्येष्ठांना रिक्षा करावी लागते.

मग उपाय काय?

११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पुण्यात पादचारी दिन साजरा झाला. गरज आहे ती रोज मोकळ्या राहणाऱ्या पदपथाची. दुकानाला परवानगी देतानाच त्याच्या ग्राहकांची वाहने कुठे उभी राहणार, हे ठरले पाहिजे.