झाकण उघडू नका!

घरात एकच कोंबडी आहे आणि जेवायला आठ माणसे बसणार आहेत. काय कराल? कोंबडी भाजली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक तुकडा येईल. एकाला तंगडी मिळेल, दुसऱ्याला नुसती मान. मग ताटावरच भांडण! अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतकरी कुटुंबांपुढे हा प्रश्न नेहमीच असे. तेथे त्यावर जो उपाय रूढ झाला, तो आज आपण समजून घेऊ. त्याचे नाव 'चिकन अँड डंपलिंग्ज'. म्हणजे कोंबडीचा रस्सा आणि त्याच रश्शात शिजवलेले पिठाचे गोळे.

नाव परके वाटले तरी घाबरू नका. या पदार्थाचे दोन्ही भाग तुमच्या ओळखीचे आहेत. कोंबडी पाण्यात हळूहळू शिजवून जो रस निघतो, त्याला तुमच्या घरी यखनी म्हणतात. आणि पीठ पातळ पदार्थात शिजवण्याची रीत महाराष्ट्रातही आहे. तुमच्या मराठी शेजाऱ्यांकडे कधी चकोल्या खाल्ल्या आहेत का? कोणी त्यांना वरणफळे म्हणतात. कणकेची पोळी लाटून तिच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापतात आणि त्या उकळत्या वरणात सोडतात. अमेरिकेतही काही घरांत डंपलिंग असेच लाटून, पट्ट्या कापून करतात. दुसऱ्या घरांत मात्र सैल पीठ चमच्याने रश्शावर सोडतात. ते फुगून मऊ होतात. कोणते डंपलिंग खरे यावर तेथे अजूनही वाद होतो. आपण फुगणारे गोळे करू, कारण त्यांत समजून घेण्यासारखे जास्त आहे.

आधी कोंबडीविषयी थोडे. आज कोंबडी बाजारात रोज मिळते. पण पूर्वी तसे नव्हते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही कोंबड्या पाळत त्या मुख्यतः अंड्यांसाठी. कोंबडी म्हातारी झाली आणि अंडी देईनाशी झाली, की मगच ती पातेल्यात जाई. अशा कोंबडीचे मांस चिवट असते. ते भाजून खाता येत नाही, पण तासन्‌तास शिजवले तर रस्सा उत्तम होतो. नंतर परिस्थिती बदलली, आणि त्या बदलाच्या सुरुवातीची एक गमतीदार गोष्ट सांगतात. 1923 साली डेलावेअर राज्यातील सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी 50 पिल्ले मागवली होती. चुकून 500 आली! दुसऱ्या कोणी ती परत पाठवली असती. बाईंनी ती वाढवली आणि मांसासाठी विकली. त्यात एवढा फायदा झाला, की पुढच्या वर्षी त्यांनी मुद्दाम जास्त पिल्ले मागवली. मांसासाठी कोंबड्या वाढवण्याचा मोठा धंदा अमेरिकेत येथून सुरू झाला, असे मानतात.

आपल्याला म्हातारी कोंबडी मिळायची नाही. दीड किलोची साधी कोंबडी तुकडे करून आणा, पण हाडे काढू नका. हाडे आणि सांधे हाच रश्शाचा खरा खजिना आहे. मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा, आणि त्याच पाटावर लगेच काकडी कापू नका. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. नळाच्या जोरदार धारेखाली कोंबडी धुतली, तर ते मरत नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. ते मरतात चांगले शिजवल्यावर. म्हणून धुवायचीच असेल, तर भांड्यात पाणी घेऊन हळुवार धुवा.

मोठ्या पातेल्यात कोंबडीचे तुकडे, अडीच लिटर गार पाणी, एक मोठा कांदा, दोन गाजरे, दहा-बारा मिरे, एक तमालपत्र आणि दोन चमचे मीठ घाला. हळद नको, मसाला नको. हा पदार्थ पांढराच असतो. वर फेस येईल तो चमच्याने काढून टाका.

आता आच कमी करा. 'आच' हा शब्द तुम्हाला शिकवायला नको. उर्दूतही तो आहेच. पण मराठीत पाण्याच्या उकळण्याला किती शब्द आहेत ते पाहा. पाणी खळखळ उकळते. आमटी रटरटते. भात खदखदतो. आपल्याला यांपैकी काहीच नको आहे! रश्शावर इकडे एक बुडबुडा, तिकडे एक बुडबुडा, एवढेच दिसले पाहिजे. का? कारण खळखळ उकळीत मांसातील तंतू आवळले जातात, त्यांतील रस बाहेर निघतो आणि मांस कोरडे होते. मंद आचेवर मात्र दुसरीच गोष्ट घडते. कातडी, सांधे आणि हाडे यांत कोलॅजेन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो मंद उष्णतेत हळूहळू विरघळतो आणि त्याचे जिलेटिन बनते. पाया खाताना बोटे एकमेकांना चिकटतात ना? ते हेच जिलेटिन. चांगली यखनी फ्रिजमध्ये ठेवली, तर सकाळी ती जेलीसारखी थरथरते. अशी थरथरली, की समजा तुम्ही घाई केली नाही.

बाजारातील कोंबडी साधारण 50 मिनिटांत शिजते. गावरान, जून कोंबडी असेल तर अडीच-तीन तास लागतील. मांस हाडापासून सहज सुटू लागले, की तुकडे बाहेर काढा, निवू द्या आणि हाताने मांस सोडवा. हाडे पुन्हा पातेल्यात टाकून आणखी अर्धा तास शिजवली, तर फारच छान. मग रस्सा गाळून घ्या. शिजलेले मांस आता सर्वांत समान वाटले जाणार आहे, म्हणून त्याचे बारीक धागे करा. मानेवरचे मांसही सोडू नका.

अमेरिकेतील जुन्या घरांत गोळ्यांच्या पिठात डुकराची चरबी घालण्याची पद्धत होती. आपल्याला ती चालत नाही आणि तिची गरजही नाही. रश्शावर कोंबडीची पिवळी चरबी तरंगते, ती दोन-तीन मोठे चमचे काढून ठेवा. नाहीतर लोणी घ्या. माझ्या मते कोंबडीच्या चरबीनेच चव जास्त येते.

आता गोळे. दोन कप मैदा, तीन लहान चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा लहान चमचा मीठ एकत्र चाळा. त्यात ती चरबी आणि पाऊण कप दूध घाला. लागले तर आणखी थोडे दूध घ्या. चमच्याने ढवळा आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले, की थांबा. पीठ खडबडीत आणि ओले दिसेल. तसेच राहू द्या.

येथे मी चुकलो होतो. पहिल्यांदा हा पदार्थ केला, तेव्हा मी ते पीठ रोटीच्या कणकेसारखे दहा मिनिटे चांगले मळले. त्यातच आच मोठी ठेवली आणि गोळे फुगले का हे पाहायला चार वेळा झाकण उघडले. काही गोळे रश्शात विरघळून गेले. उरले ते बाहेरून रबरासारखे आणि आतून कच्चे. अम्मींनी एक गोळा चमच्याने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "बेटा, हे खायचे आहेत की खेळायचे?" त्या दिवशी घरी पाहुणे होते. त्यांच्यासाठी खिचडी टाकावी लागली.

चूक कोठे झाली, हे मला नंतर कळले. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले, की ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. रोटीला हे जाळे हवे असते, म्हणून तर रुमाली रोटी फाटत नाही. पण गोळ्याला ते नको. जाळे घट्ट झाले, तर आतला वायू त्याला फुगवू शकत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत ग्लुटेन कमी असलेल्या मऊ गव्हाचे पीठ पसंत करतात, तेही यासाठीच. आपण कणकेऐवजी मैदा घेतो, कारण त्यात कोंडा नसतो आणि गोळा हलका होतो.

हा वायू येतो कोठून? बेकिंग पावडरमधून. तिच्यात खाण्याचा सोडा असतो, एक कोरडे आम्ल असते आणि दोघांना कोरडे ठेवायला थोडे स्टार्च असते. ओलावा लागला, की सोडा आणि आम्ल यांची क्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. उष्णतेने तो आणखी सुटतो. ही पावडर इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 साली तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्टचा पाव सोसत नसे. त्यांना अंडीही चालत नसत, म्हणून बर्ड यांनी त्याआधीच बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली होती! तुमच्या घरचा बेकिंग पावडरचा डबा जुना असेल, तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसली नाही, तर ती वापरू नका.

पातेल्यात रस्सा पुन्हा तापवा. सोडवलेले मांस आणि गाजराचे तुकडे त्यात घाला. हलकी उकळी आली, की ओल्या चमच्याने सुपारीएवढे पीठ रश्शावर सोडत जा. गोळे एकमेकांपासून दूर ठेवा, कारण ते फुगून जवळजवळ दुप्पट होतात. मग घट्ट झाकण लावा, आच मंद करा आणि 15 मिनिटे पातेल्याला हात लावू नका. ही गोळ्यांची वेळ आहे, तुमची नाही.

झाकण का उघडायचे नाही? गोळे रश्शावर तरंगतात. त्यांचा खालचा भाग रश्शात शिजतो. पण वरचा भाग रश्शात नसतोच. तो शिजतो वाफेवर. बिर्याणीला दम देताना झाकणाच्या कडेने कणीक का लावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. येथेही तोच दम आहे. मध्येच झाकण उघडले, की वाफ निघून जाते आणि वरचा भाग गार पडतो. आतला वायू तयार झालेला असतो, पण त्याच्याभोवतीची भिंत अजून कच्ची असते. मग गोळा बसतो. एकदा मैद्यातील स्टार्च आणि प्रथिने शिजून घट्ट झाली, की वायू गेला तरी गोळा फुगलेलाच राहतो. पाहायची फारच उत्सुकता असेल, तर काचेचे झाकण वापरा. आमच्या घरी आता तेच आहे.

हे काम कुकरमध्ये करू नका. कोंबडी कुकरमध्ये शिजवली तरी चालेल, पण गोळे नाहीत. सैल पीठ वर येऊन शिट्टीच्या वाटेत अडकू शकते आणि ते धोक्याचे असते. झाकण उघडताना ते आपल्यापासून दूर तिरके करून उघडा. विज्ञानाच्या तासाला तुम्ही वाफेचा अप्रकट उष्मा शिकता; उर्दूत त्यालाच मख़फ़ी हरारत म्हणतात. 100 अंशांच्या पाण्यापेक्षा 100 अंशांची वाफ जास्त भाजते, ती त्याच्यामुळे. लहान भावंडांना चुलीजवळ येऊ देऊ नका. आणि पातेले उतरवायला घरातील मोठ्या माणसाला बोलवा.

एक गोळा मधोमध फोडून पाहा. आत पावासारखी बारीक छिद्रे दिसली, की झाले. चिकट दिसला, तर झाकण लावून आणखी तीन-चार मिनिटे द्या. रस्सा आपोआप थोडा दाट झालेला असेल, कारण गोळ्यांवरचा मैदा त्यात मिसळतो. वर मिरपूड आणि थोडी कोथिंबीर घाला. अमेरिकेत कोथिंबिरीऐवजी पार्सली घालतात.

साधारण दोन लिटर रस्सा होतो, म्हणजे आठ वाडगे. प्रत्येक वाडग्यात मांसाचे धागे आणि दोन-तीन गोळे येतात. तंगडी कोणालाच मिळत नाही, म्हणून भांडणही नाही. उरले तर थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. मात्र रात्रभरात गोळे रस्सा पिऊन टाकतात आणि सकाळी पातेल्यात घट्ट लगदा दिसतो. तेव्हा एक कप गरम पाणी घाला, झाकण लावा आणि मंद आचेवर चांगली वाफ येईपर्यंत गरम करा.