हद्द वाढते शहराची, प्रश्न पडतो आईला

मैत्रिणींनो, ‘हद्दवाढ’ हा शब्द पेपरात दिसला की आपण सरळ पान उलटतो. हा विषय पुढाऱ्यांचा, नाहीतर प्लॉटिंगवाल्यांचा, असं आपल्याला वाटतं. पारावरची चर्चाही तशीच चालते. घरपट्टी किती वाढेल, जमिनीला भाव किती येईल, नळाला पाणी रोज येईल का. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही : आपल्या लेकरांच्या शाळेचं काय?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आहेत. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा. लोहारा आणि वाशी ही तालुक्याची गावं. तिथे आधी ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या गावांना नगरपंचायत द्यायचं धोरण शासनाने 2014 मध्ये घेतलं आणि तिथे नगरपंचायती आल्या. म्हणजे घर तेच, अंगण तेच, शेजारीणही तीच. पण सरकारी कागदावर आपण खेड्यातल्या होतो त्या शहरातल्या झालो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी चौथीत आहे, अभ्यासात चांगली हुशार. तिला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं त्यांच्या मनात आहे. गटाच्या बैठकीत त्यांनी विचारलं, “ताई, आमचं गाव उद्या नगरपालिकेत गेलं तर माझी पोरगी गावातली धरणार का शहरातली?” हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. तुळजापूरला आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला तिथे जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं मोफत. यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आणि किमान एक तृतीयांश मुलींच्या. शेतमजुराच्या, ऊसतोड करणाऱ्याच्या घरासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पण नियम नीट वाचायला हवा. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तरी ते शहरी धरलं जातं. आणि शहरी भाग कोणता? 2011 च्या जनगणनेत शहर म्हणून नोंद झालेला, किंवा त्यानंतर सरकारने अधिसूचना काढून शहरी ठरवलेला. म्हणून खेड्यात राहून मुलाला व्हॅनने शहरातल्या इंग्लिश मीडियमला पाठवणाऱ्या आयांनीही हे लक्षात ठेवावं. पत्ता गावचा असला तरी शाळा शहरात आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतही ग्रामीण आणि शहरी अशा याद्या वेगळ्या असतात.

गंमत अशी, की गाव शहरात गेलं म्हणून शाळा लगेच पालिकेची होते असंही नाही. पुष्कळ ठिकाणी पाटीवर ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ तशीच राहते. खडू-फळा जिल्हा परिषदेचा, रस्ता-गटार पालिकेचं. मग शाळेचं छप्पर गळलं, मुलींच्या शौचालयाचं दार मोडलं, की दाद मागायची कोणाकडे? हे म्हणतात तिकडे जा, ते म्हणतात इकडे या. पुण्यात हे मोठ्या प्रमाणावर झालं. महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली आणखी 23 गावं आली. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आणि शिक्षक यांचा प्रश्न चांगलाच गाजला. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. कोल्हापूरची तर आणखी तऱ्हा. 1972 साली तिथे महापालिका झाली, पण आजूबाजूच्या गावांच्या विरोधामुळे हद्दवाढ वर्षानुवर्षं रखडली.

हा गुंता फक्त आपल्याकडचाच आहे असं समजू नका. अमेरिकेत शाळांची हद्द आणि शहराची हद्द वेगवेगळी असू शकते. ओहायो राज्यातलं कोलंबस शहर वाढत गेलं, पण वाढीव भागातली कितीतरी मुलं उपनगरांच्याच शाळा मंडळाकडे राहिली. तिथे शाळा बऱ्याच अंशी घरजमिनीच्या करावर चालतात, त्यामुळे भांडण जुंपलं. शेवटी 1986 साली दोन्हीकडच्या शाळा मंडळांनी बसून करार केला. त्यांनी निदान शाळेचा विषय टेबलावर तरी घेतला!

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं त्याखालचे नियम सांगतात. लेकराचे पाय अंतर मोजतात, हद्द मोजत नाहीत. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला शाळेत घेणं, हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. आपल्या भागातून दरवर्षी किती कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडतात, हे तुम्ही जाणताच. गाव एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जाताना ही नोंदवही मध्येच कुठे अडकली, तर लेकरू शाळेतून सुटलं ते सुटलंच.

मग आपण काय करायचं? 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आपला हक्क लिहिलेला आहे. हद्द बदलण्याआधी शासनाला उद्घोषणा काढावी लागते, ती पेपरात छापावी लागते आणि हरकतींसाठी किमान 30 दिवस द्यावे लागतात. हरकत लेखी, जिल्हाधिकाऱ्यांकडे. साध्या कागदावर, साध्या मराठीत चालते. विरोधच करायला हवा असं नाही. ‘आमची शाळा कोणाकडे जाणार, शिक्षक राहणार का, मुलींचा एसटीचा मोफत पास चालू राहणार का, आज तिसरी ते पाचवीत असलेल्या मुलांच्या ग्रामीण जागेचं काय’ एवढं विचारलं तरी पुरे. पोच मात्र न विसरता घ्यावी.

दुसरं म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. नुसती सही करून चहा पिऊन परत येऊ नका. बैठकीत हा विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या.

शहर वाढायला कोणाची ना नाही. दिवे यावेत, नळ यावेत, रस्ते व्हावेत. फक्त नकाशावर रेघ ओढणाऱ्याने त्या रेघेवर उभी असलेली शाळाही पाहावी, आणि ती त्याला दाखवायचं काम आपण आयांनी करावं. येत्या शनिवारी बचत गट बसेल तेव्हा हप्त्याचा हिशोब झाल्यावर पाच मिनिटं या विषयाला द्या. बघा, पटतंय का!