पगार वाढवता येत नाही? मग अमेरिकेतल्या कॉलेजांकडून हे शिका



दोन हजार जास्त मिळाले की चांगला माणूस दुसरीकडे जातो. छोट्या उद्योजकाचं हे नेहमीचं दुखणं. पगार वाढवायला गल्ल्यात पैसे नाहीत, मग करायचं काय?

अमेरिकेत खासगी कॉलेजची फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या पुढे असणं नवीन नाही. पण बऱ्याच कॉलेजांत कर्मचाऱ्याच्या मुलांना ही फी पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ असते. याला म्हणतात ट्युशन रिमिशन. अनेक ठिकाणी प्राध्यापकांइतकाच सफाई कामगारालाही हा लाभ मिळतो. मुलगी पदवीधर होईपर्यंत तो माणूस नोकरी सोडेल का? तुम्हीच सांगा!

तिथल्या आयकर कायद्यातलं कलम ११७(ड) सांगतं, की पदवीपर्यंतच्या शिक्षणाची अशी सवलत करमुक्त आहे. अट एकच महत्त्वाची: फक्त मोठ्या पगाराच्या साहेबांना झुकतं माप द्यायचं नाही. आणि माफी साधारणपणे शिकवणी फीची असते, राहण्या-जेवणाचा खर्च घरूनच करावा लागतो.

आता यातलं धंद्याचं गणित बघा. समजा तुमचा क्लास आहे. बॅच ४० ची, भरलेत ३२. फी २४,००० रुपये. रिकाम्या जागेवर कर्मचाऱ्याचा मुलगा बसवला, तर तुमचा खर्च फक्त नोट्सचा, धरा १,५०० रुपये. त्याचे मात्र वर्षाला २४,००० वाचले, म्हणजे महिन्याला २,०००!

पण सावधान. बॅच फुल्ल असेल तर त्याच जागेचे २४,००० तुमच्याच खिशातून गेले. म्हणून नियम आधी कागदावर लिहा:

१. किती महिने नोकरी झाल्यावर लाभ सुरू होणार?
२. किती मुलांना, किती टक्के?
३. जागा रिकामी असेल तरच का?
४. कर्मचाऱ्याने मध्येच नोकरी सोडली तर मुलाचं वर्ष पूर्ण होणार का? (माझं मत: होऊ द्या. मुलाला मध्येच उठवू नका.)

अशी सवलत आपल्याकडे आयकरात पगाराचा भाग धरली जाऊ शकते, तेव्हा सुरू करण्याआधी सीएंना विचाराच.

क्लास नाही? मग आजच वहीत लिहा: माझ्या धंद्यात असं काय आहे, जे मला स्वस्तात पडतं आणि माझ्या माणसाला बाहेर महाग पडतं?