विहिरीचे निर्मळ पाणी

जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी विमानस्थानात वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीचा विचार केला आहे. दुष्ट जल तेथे गंध, वर्ण, रस व स्पर्श यांवरून ओळखावयाचे असते. बारामती-इंदापूर परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांची अडचण नेमकी येथेच सुरू होते.

नीरा डाव्या कालव्याखालील या पट्ट्यात उसाच्या लागणीनंतर तण उगवण्याआधी अॅट्राझीन फवारतात. हे द्रव्य मातीच्या कणांना सैलच धरून राहते व पाण्याबरोबर खाली उतरते. क्लोरपायरीफॉसचे तसे नाही. ते मातीला घट्ट चिकटते आणि विहिरीत आलेच तर बहुधा वाहत्या गाळाबरोबर येते. वरच्या वीतभर थरात सेंद्रिय अंश व सूक्ष्मजीव असतात. तेथे अॅट्राझीन साधारणतः दोन महिन्यांत निम्मे होते. चोपण, अल्कधर्मी जमिनीत मात्र त्याहून सावकाश. आणि अतिपाण्याने जमिनी चोपण होणे आपल्या भागास नवे नाही.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीस भेगा पडतात. फवारणीनंतर वळवाची जोरदार सर आली, तर पाणी या भेगांतून त्या जिवंत थराला वगळून थेट मुरमात जाते. पाषाणाच्या फटींत सूक्ष्मजीव तुरळक, त्यामुळे तेथे पोहोचलेला अंश दीर्घकाळ टिकतो. दूषीविष वाचलेल्या वैद्यास ही कल्पना परकी वाटू नये.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पेयजलात अॅट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. इतक्या अल्प अंशास ना वास, ना रंग, ना चव.

इंदापूरकडील एका रुग्णाने ‘आमच्या विहिरीचं पाणी लई गोड हाय’ असे सांगितले, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे ‘उकळून, अर्धे आटवून प्या’ म्हणालो. हा सल्ला जंतूंपुरता योग्य आहे. अॅट्राझीन वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. निर्मळीच्या बीजाने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले द्रव्य नव्हे. सक्रिय कोळशाची गाळणी ते धरते, परंतु कोळसा वेळेवर बदलला तरच.

तेव्हापासून आम्ही रुग्णास आणखी दोन प्रश्न विचारतो : विहीर फडापासून किती दूर आहे, आणि फवारणीचा पंप कोठे धुता? दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा ‘विहिरीच्या काठावरच’ असे येते.