कापरेकरांच्या संख्या आणि नव्व्याण्णवचे अवयव
ठाण्याहून कळवा, मुंब्रा, दिवा मागे टाकत कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील डोंबिवली स्थानकाचे जुने नाव ‘डेम्लो’ गणितात कायमचे रुजले आहे, कारण ज्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना तेथे सुचली, त्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले. जन्म डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी, एवढ्यात त्यांचे चरित्र आटोपते.

डेम्लो संख्यांपैकी सर्वांत देखणा प्रकार १ हा एकच अंक ओळीने मांडून होणाऱ्या संख्यांच्या वर्गांचा आहे: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. हा चढउतार डोळ्यांना सुखावतो खरा, परंतु त्याहून रोचक आहेत ते या संख्यांचे मूळ अवयव, म्हणजे ज्यांना १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही असे अवयव. १११ म्हणजे ३ × ३७, १११११ म्हणजे ४१ × २७१. ११ ही संख्या मात्र स्वतःच मूळ आहे, आणि तिच्यानंतर अशी मूळ संख्या थेट एकोणीस एकांची येते.

कापरेकरांचे काम हा नुसता अंकांचा खेळ आहे, हे मत त्यांच्या हयातीत अनेकांनी बाळगले, आणि ते किती वरवरचे होते हे त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या दाखवतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. असे का व्हावे? वर्गाचे शेवटचे दोन अंक उजवीकडे वेगळे काढले, तर वर्ग म्हणजे डाव्या भागाची १०० पट अधिक उजवा भाग; दोन्ही भागांची बेरीज मूळच्या संख्येइतकीच असल्यामुळे वर्गातून ती संख्या वजा केल्यावर डाव्या भागाची ९९ पट उरते. म्हणजेच ४५ × ४४ या गुणाकाराला ९९ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. आता लगतच्या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक अवयव नसतो, म्हणून ९९ चे ९ आणि ११ हे दोन तुकडे अखंडच वाटले जातात: ४५ कडे ९ जातो व ४४ कडे ११, तर ५५ कडे ११ जातो व ५४ कडे ९. दोन्ही तुकडे एकाच बाजूला गेले की १ आणि ९९ मिळतात. चार वाटण्या, चार संख्या; पाचवीला जागाच नाही.

९९९ चे तुकडे २७ आणि ३७, म्हणून त्यातून २९७ व ७०३ निघतात. ९९९९ चे ९, ११ व १०१ असे तीन तुकडे पडत असल्याने वाटण्या आठ होतात, आणि १ व ९९९९ वगळता २२२३, २७२८, ४९५०, ५०५०, ७२७२, ७७७७ या सहा संख्या हाती येतात; त्यांतील जोड्यांची बेरीज प्रत्येक वेळी १०,००० भरते, हेही वाचकाने पडताळून पाहण्याजोगे आहे. कापरेकर संख्यांचे अवयवांशी असलेले हे नाते डग्लस इयानुची यांनी २००० साली संपूर्णपणे मांडले.

९९, ९९९, ९९९९ या साऱ्या म्हणजे ओळीने मांडलेल्या एकांच्या संख्येची ९ पट, त्यामुळे डोंबिवलीला सुचलेल्या संख्या आणि या संख्या एकाच खोडाच्या आहेत. एकोणीस एकांची संख्या मूळ असल्याने एकोणीस नवांच्या संख्येचेही ९९ प्रमाणेच दोनच तुकडे पडतात, आणि एवढ्या प्रचंड संख्येतूनही, १ आणि ती स्वतः सोडली, तर अवघ्या दोनच कापरेकर संख्या निघतात.