चिनी मातीची विद्या

आपल्या घरातील कपबशीला किंवा लोणच्याच्या बरणीला आपण 'चिनी मातीची' म्हणतो. ज्या देशात ही कला उदयास आली, त्या देशाचे नावच तिला कायमचे लाभले आहे. चीनच्या जिआंगशी प्रांतातील जिंगदेझेन हे नगर या कलेचे माहेरघर होय.

या नगराजवळ काओलिंग नावाचे खेडे आहे. त्यावरूनच तेथील पांढऱ्या मातीला जगभर 'केओलिन' हे नाव मिळाले. ही माती व एका विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून भांडी घडवितात. सुमारे १३०० अंश सेल्सियस उष्णतेत ती भाजली, म्हणजे पांढरीशुभ्र व टणक होतात. माती मळणे, चाकावर आकार देणे, तासणे, चित्रे काढणे, झिलई देणे व भाजणे ही कामे निरनिराळे कारागीर करीत. १६३७ साली सुंग यिंगशिंग या विद्वानाने आपल्या ग्रंथात लिहिले, की एक पेला पुरा होईपर्यंत बहात्तर हातांतून जातो.

ही विद्या मुख्यतः हातांत होती. पिता पुत्राला व गुरू शिष्याला ती देई. भट्टीवरचा जाणता कारागीर ज्वालेच्या रंगावरून उष्णता ओळखी. तो शिष्य न ठेवता निवर्तला, तर त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर लोप पावे.

१७२८ साली तांग यिंग नावाचा अधिकारी सम्राटाच्या भट्ट्यांवर देखरेख करण्यासाठी येथे आला. त्याला या कामाची काहीच माहिती नव्हती. पदाचा अभिमान बाजूला ठेवून तो तीन वर्षे कारागिरांसमवेत राहिला व शिकला. पुढे १७४३ मध्ये या कामाच्या वीस चित्रांसाठी त्याने विवरण लिहिले. हातांतील विद्या अशा रीतीने कागदावर आली.

१९५८ साली जिंगदेझेन येथे या विषयाची उच्च शिक्षणसंस्था स्थापन झाली. आज ती विद्यापीठ आहे. झिलईला बारीक तडे का जातात, हे जुन्या कारागिराला अनुभवाने ठाऊक होते. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा अधिक आकुंचन पावते, म्हणून ती तडकते, हे शास्त्र सांगते. कारण कळले, की दोष टाळता येतो. शिवाय गुरूच्या पश्चातही ते ज्ञान टिकून राहते.

परंतु चाकावरील माती किती ओली आहे, हे पुस्तक वाचून कळत नाही. ते बोटांनाच कळते. त्यासाठी विद्यार्थ्याला चाकाशी बसून पुनःपुन्हा हात मळवावे लागतात. शास्त्राने विद्या जपली जाते. ती पुढे चालते मात्र शिकणाऱ्याच्या हातांनी.