पुन्हा पुन्हा मेंदूज्वर : रक्तातली उणीव तपासून घ्या



ऊस विकासाच्या पानावर माणसाच्या आजाराचा विषय कशाला, असे आपणास वाटेल. पण को ७४० वर काणी लवकर येई, शेजारच्या दुसऱ्या वाणावर येत नसे, हे जुन्या मंडळींनी पाहिले आहे. रान तेच, पाणी तेच. फरक वाणाच्या अंगचा. माणसाचेही कधी कधी तसेच असते.

आपल्या रक्तात राखण करणाऱ्या प्रथिनांची एक फळी असते. डॉक्टर तिला ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणतात. ही प्रथिने रोगजंतूवर खूण करतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि काही जंतूंना भोक पाडून मारतात.

एखाद्या घरात यातले एखादे प्रथिन जन्मतःच नसते. सी-३ नसेल तर लहानपणापासून न्यूमोनिया होतो, कान वाहतो. सी-५ ते सी-९ पैकी एक नसेल तर पोर एरवी धडधाकट असते; पण मेनिन्गोकॉकस जंतूचा मेंदूज्वर त्याला गाठतो, बहुधा ऐन तरुणपणाच्या तोंडावर, आणि बरा होऊन पुन्हा येऊ शकतो. नेहमीच्या रक्ततपासणीत ही उणीव दिसत नाही. मग लोक म्हणतात, ‘पोराच्या मागं काहीतरी लागलंय.’ ही करणी नव्हे आणि एकट्या आईचा दोषही नव्हे.

बहुतेक प्रकारांत दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. दोघेही वरून निरोगी असतात, पण दर बाळंतपणात चारांत एक असा धोका राहतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. तिथे एकाच आजोबा-आजीचा लपलेला दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो.

तेव्हा ताप, उलट्या, मान आखडणे, अंगावर जांभळे ठिपके दिसले, तर घरी थांबू नये. नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. हा आजार दुसऱ्यांदा झाला, किंवा भावंडालाही झाला, तर डॉक्टरांना ‘सीएच-५०’ तपासणीचे विचारावे. मुंबईत परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा जन्मजात उणिवांवर काम चालते. उणीव सापडली तर सर्व भावंडांचे रक्त तपासावे.

नसलेले प्रथिन कायमचे भरून काढता येत नाही. पण लसी आणि ताप येताच औषध, यांनी जीव वाचतो. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर बाळांना सरकारी लसीकरणात मोफत आहे. मेनिन्गोकॉकसची त्यात नाही. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.

ऊस नोंदीला आम्ही गावी आलो की यावर जरूर बोलावे. तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवरही ही माहिती पोचवावी, ही विनंती.